ठोका चुकविणारी सुरावट

काळजाचा ठोका चुकला, असे आपण सहज म्हणतो. संगीतात मात्र हा ठोका मुद्दाम चुकवितात. पाश्चात्त्य मंडळी त्याला 'सिंकोपेशन' म्हणतात. मला त्याची गोडी लागली ती तीन मिनिटांच्या एका चिजेमुळे. इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार याने १८८८ साली व्हायोलिन व पियानो यांच्यासाठी लिहिलेली ही 'साल्यू दामूर', म्हणजे प्रेमाचा नमस्कार!

ज्या ॲलिस रॉबर्ट्सला हा नमस्कार पोचला, तिचा जन्म १८४८ साली आपल्याच देशात, कच्छमधील भूज येथे झाला. वडील लष्करात मोठे अधिकारी. १८८६ साली ती एल्गारकडे पियानोची साथ शिकू लागली. तो वाद्यांच्या दुकानदाराचा मुलगा, पंथाने कॅथलिक, नावलौकिक नाही, वर तिच्याहून आठ वर्षांनी लहान! आप्तांनी नाके मुरडली; ती बधली नाही. तिने त्याला कविता दिली, त्याने तिला ही सुरावट.

आता गंमत पाहा. संथपणे एक, दोन, तीन, चार मोजा. 'एक'वर पियानोचा खर्ज वाजतो. सुरांचा पुंजका येतो तो 'दोन'वर, आणि 'तीन'च्या जोरकस जागी नवा आघात न होता तोच पुंजका लांबत राहतो. 'चार'वर पुन्हा आघात. घरातील मुलांना एक व तीनवर टाळी द्यायला सांगा. दुसऱ्या टाळीला पियानो हटकून हुलकावणी देईल! व्हायोलिन मात्र त्यावरून शांतपणे गात जाते. ही हुलकावणी काढून साथ सरळ ठोक्यावर वाजविली, तर सूर तेच राहतील, पण धडधड हरपेल.

मला वाटते, खरे मर्म इथेच आहे. ॲलिस शिकली ती साथ. आणि या चिजेचे काळीज धडधडते तेही साथीतच.

८ मे १८८९ रोजी दोघांचे लग्न झाले. चीज त्याने अवघ्या दोन गिनींना विकली, असे सांगतात. ती पुढे जगभर खपली. त्याला खरी कीर्ती मिळाली १८९९ साली, 'एनिग्मा व्हेरिएशन्स'मुळे. त्यातले पहिले चित्र ॲलिसचेच!

तेव्हा वाचकहो, ही चीज कानी पडली, तर एकदा व्हायोलिन सोडून केवळ पियानोकडे कान द्या.