हाडांनी दिलेली होडीची साक्ष

कॅलिफोर्नियात सांता बार्बरा शहरासमोर समुद्रात बेटांची एक रांग आहे. त्यांतल्या सांता रोसा बेटावर १९५९ साली फिल ऑर या संशोधकाला घळीच्या उभ्या कडेत, जमिनीच्या सुमारे ११ मीटर खाली, माणसाच्या मांडीची हाडं सापडली. पुढे त्यांचं वय सुमारे १३ हजार वर्षं ठरलं.

वयापेक्षा मला जागा अधिक बोलकी वाटते. हिमयुगात समुद्राची पातळी इतकी उतरली होती की सांता रोसा, सांता क्रूझ, सान मिगेल आणि अनाकापा मिळून एकच मोठं बेट होतं. तरीही ते किनाऱ्याला जोडलेलं नव्हतं. मध्ये काही किलोमीटर पाणी होतंच. मॅमथ ते पोहून आले आणि पिढ्यान्‌पिढ्या बेटावर राहून ठेंगणे झाले. माणूस पोहून आला नसणार. तेव्हाची एकही होडी उरलेली नाही. ती होती, याचा पुरावा ही हाडंच.

या बेटांवरच्या मूळ रहिवासी चुमाश लोकांची कथा मात्र उलट दिशेने येते. धरणीमाता हुताशने जादूच्या रोपाच्या बियांतून पहिली माणसं घडवली ती लिमूवमध्ये, म्हणजे सांता क्रूझ बेटावर. वस्ती वाढली, गोंगाटाने हुताशची झोप उडाली. तेव्हा तिने डोंगरमाथ्यावरून किनाऱ्यापर्यंत इंद्रधनुष्याचा पूल टाकला आणि बजावलं, खाली बघू नका. काहींनी बघितलंच. भोवळ येऊन ते समुद्रात कोसळले. बुडू नयेत म्हणून हुताशने त्यांचे डॉल्फिन केले. चुमाश आजही डॉल्फिनला भावंडं मानतात.

या कथेत हिमयुगाची आठवण शोधण्याचा मोह होतो, पण मला ती ओढाताण वाटते. मला तिच्यात दिसतो तो रोज पाणी ओलांडणाऱ्यांच्या मनातला धाक आणि बुडालेल्यांविषयीची माया.

पाणी ओलांडायला चुमाश लोकांकडे टोमोल नावाची होडी होती. उत्तरेकडून वाहत आलेल्या रेडवूडच्या ओंडक्यांच्या फळ्या काढायच्या, शार्कच्या कातडीने घासायच्या, भोकं पाडून झाडांच्या तंतूंच्या दोरीने शिवायच्या. मग राळ आणि डांबर एकत्र उकळून सांधे बुजवायचे. डांबर तिथल्या किनाऱ्यावर जमिनीतूनच पाझरतं. बेटांवर घडवलेले शिंपल्यांचे मणी याच होड्यांतून किनाऱ्यावर जात आणि तिथे पैशासारखे चालत.

स्पॅनिश मिशनांच्या काळात, रोगराई आणि सक्तीच्या स्थलांतरामुळे, १९व्या शतकाच्या पूर्वार्धात बेटांवरची चुमाश गावं ओस पडली. २००१ साली त्यांच्या वंशजांनी नवी टोमोल वल्हवत पुन्हा लिमूव गाठलं.