क्वेसारच्या झोतात एवढी ऊर्जा येते कुठून? आणि खोडदच्या दुर्बिणीला शांतता का लागते?

पुणे-नाशिक रेल्वे मंचर, नारायणगावमार्गे जाणार की नाही, हा जुन्नर आणि आंबेगावातला जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. या मार्गात खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण येते, असं कारण रेल्वेमंत्र्यांनीही दिलं आहे. पण दुर्बिणीला रेल्वेचा त्रास कसा होईल? त्यासाठी ती काय पाहते, हे समजून घ्यायला हवं.

तिच्या लक्ष्यांपैकी एक म्हणजे क्वेसार, दूरच्या दीर्घिकेचं धगधगतं केंद्र. तिथे सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचं कृष्णविवर असतं. आत ओढला जाणारा वायू आधी चकतीसारखा भोवती फिरतो, घासतो, प्रचंड तापतो. सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाच्या जेमतेम ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. कृष्णविवराभोवती हेच प्रमाण, ते किती वेगाने फिरतंय त्यानुसार, साधारण ६ ते ४० टक्के असू शकतं.

काही क्वेसारमधून दोन विरुद्ध दिशांना झोतही सुटतात. १९७७ मध्ये रॉजर ब्लँडफर्ड आणि रोमन झ्नायेक यांनी त्याची एक रीत मांडली. कृष्णविवर फिरतं तसा चुंबकीय क्षेत्राला चऱ्हाटासारखा पीळ बसतो आणि विवराची फिरण्याची ऊर्जा त्या पिळातून बाहेर खेचली जाते. (कृष्णविवरातून काहीच बाहेर येत नाही, हे शाळेतलं वाक्य इथे जरा अपुरं पडतं.) पुढे ती ऊर्जा कणांना मिळते आणि ते जवळपास प्रकाशाच्या वेगाने सुटतात. यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेताना रेडिओ लहरी सोडतात. हेच सिंक्रोट्रॉन प्रारण.

खरी गंमत पुढे आहे. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन उधळे असतात: ऊर्जा दुप्पट, तर खर्चाचा वेग चौपट. त्यामुळे तेच आधी थंडावतात. झोतांच्या टोकांना साठलेल्या जुन्या ढगांत थकलेले इलेक्ट्रॉन उरतात आणि ते कमी वारंवारतेवरच दिसतात.

तिथेच जीएमआरटी कामी येते. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. तिने १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या आकाश-पाहणीतून भारतीय संशोधकांनी ५३ महाकाय क्वेसार शोधले. त्यातल्या काहींचा पसारा ७२ लाख प्रकाशवर्षांपर्यंत जातो. आपल्या आकाशगंगेचा व्यास साधारण १ लाख प्रकाशवर्षं आहे!

मात्र एवढ्या लांबून येणारा संकेत अतिशय क्षीण असतो. बोलणं सुरू असलेला एखादा मोबाइल चंद्रावर नेऊन ठेवला, तरी या दुर्बिणीला तो आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांच्या पंक्तीत दिसेल. मग गावातल्या टॉवरचं काय? विजेवर धावणाऱ्या रेल्वेच्या तारेवर उडणारी ठिणगीसुद्धा रेडिओ लहरी फेकते, आणि त्या क्वेसारच्या लहरींत मिसळतात.

रेल्वे मागणाऱ्यांचं चुकतं असं मुळीच नाही; नारायणगावच्या टोमॅटोला बाजार लांबचाच लागतो. पण ३० तबकड्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, म्हणून सध्या चर्चा रुळांची जागा बदलण्याची आहे.