बोट उलटली तर बाहेर पडायची वाट कुठली?

21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहत काठाला लागला. शिरूरची घोड आणि दौंडची भीमा, दोन्हींचं पाणी याच उजनीत जातं. शिवाय सुट्टीत आपली कुटुंबं घारापुरीला, मुरूड-जंजिऱ्याला बोटीनेच जातात. म्हणून हा विषय आम्ही थोडक्यात समजावून सांगत आहोत.

बोट आडवी होते तेव्हा पायाखालची जमीन भिंत बनते आणि भिंत जमीन. जिना चढता येत नाही, दार डोक्यावर जातं. त्यात घाबरून सगळे एकाच बाजूला धावले, तर उरलासुरला तोलही जातो. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट कलंडली आणि 600 हून जास्त जीव गेले. 1994 मध्ये बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’ जहाज बुडालं, त्यात 852 जण दगावले. कित्येकांना आतून बाहेरच पडता आलं नाही.

त्यानंतर मोटारी नेणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. बाहेर पडायच्या वाटेवर धरायला कठडे हवेत. भिंतीचा खालचा अर्धा मीटर भाग इतका मजबूत हवा, की जहाज आडवं झालं तरी त्यावरून चालता यावं.

आपल्याकडच्या छोट्या बोटींना हे नियम लागू नाहीत. तिथे वाट आधीच मोकळी ठेवावी लागते. बाजूचे ताडपत्रीचे पडदे घट्ट बांधलेले नकोत, वाटेत सामान नको, क्षमतेपेक्षा जास्त माणसं तर मुळीच नकोत.

प्रवाशांनीही काही गोष्टी पाळाव्यात. लाइफ जॅकेट बोट सुटण्याआधीच घालावं, ते बुरखा-ओढणीच्या वरून बांधावं. मुलांना त्यांच्या मापाचं मागावं. जॅकेट घालून बंद खोलीत मात्र बसू नये. आत पाणी भरलं तर तेच जॅकेट माणसाला वर छताशी दाबून धरतं, खाली बुडी मारून दारातून निघता येत नाही. बसल्याबरोबर बाहेर पडायची जागा मुलांना हाताने दाखवावी. बोट उलटून तरंगत असेल, तर काठ लांब असताना पोहत सुटू नये, तिलाच धरून राहावं.

जॅकेट नसेल किंवा गर्दी जास्त असेल, तर त्या बोटीत चढूच नये. पुढची बोट मिळते.