नेतृत्वशिक्षणासाठी खेळाची रचना

अधिकाऱ्यांना नेतृत्वाचे शिक्षण खेळाच्या द्वारे देण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट रायस्विट्झ याने १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या युद्धक्रीडेत सेनाधिकारी नकाशावर लढाया लढत असत. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५७ मध्ये संगणकाच्या साह्याने व्यवसायक्षेत्रात असाच खेळ आणला. परंतु खेळात मन रमणे निराळे आणि त्यातून शिक्षण घडणे निराळे. शिक्षण घडविण्यासाठी खेळाची रचना कशी असावी, हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या विचारपरंपरेतून निर्माण झालेल्या ‘बीअर-खेळा’वरून चांगले उमजते.

नावाने कोणाची निराशा होऊ नये. या खेळात बीअर नसते, असतात त्या सोंगट्या. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार जागा ओळीने मांडलेल्या असतात. प्रत्येकाने दर आठवड्यास एकच निर्णय घ्यावयाचा : आपल्या मागील पुरवठादाराकडे किती पेट्यांची मागणी नोंदवावी? मागणी पोचण्यास काही आठवडे लागतात, माल येण्यासही लागतात. पडून राहिलेल्या प्रत्येक पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च धरतात. वेळेवर न पुरविलेल्या पेटीमागे एक डॉलर.

ग्राहकाची मागणी प्रथम आठवड्याला चार पेट्यांची असते. पाचव्या आठवड्यात ती आठ होते आणि अखेरपर्यंत आठच राहते. एवढ्याशा धक्क्याने साखळीत वाढत्या लाटा उसळतात. टंचाईने घाबरलेला खेळाडू मागणी फुगवितो. वाटेत असलेला माल त्याच्या हिशेबातून निसटतो. पुढे सारा माल एकदम येऊन साठतो. जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संघांचा सरासरी खर्च २,०२८ डॉलर आढळला. साध्य असलेला किमान खर्च होता २०४.

रचनाकाराचे चातुर्य मुख्यत्वे दोन गोष्टींत दिसते. ग्राहकाची मागणी दुकानदारावाचून कोणासही दिसत नाही, आणि खेळाडूंनी परस्परांशी बोलावयाचे नाही. (हा नियम शब्दांपुरताच पाळला जातो, सुस्कारे व कपाळावरील आठ्या यांना कोण आवरणार?) मागणी मुद्दाम इतकी साधी ठेवली आहे की, अपयशाचे खापर फोडण्यास बाहेर कोणी उरू नये. शिवाय खेळ पन्नास आठवड्यांचा असल्याचे सांगून सामान्यतः छत्तिसाव्या आठवड्यातच थांबवितात. एरवी शेवट जवळ आल्याचे जाणून खेळाडू साठा संपविण्याच्या युक्त्या लढवितात.

खरे शिक्षण यानंतर सुरू होते. ग्राहकाच्या मागणीचा आलेख रेखाटण्यास सांगितले असता बहुतेक खेळाडू उंच चढणारी व पुन्हा कोसळणारी रेषा काढतात. मग खरी, जवळजवळ सपाट रेषा समोर ठेवली जाते. आतापर्यंत शेजारच्या खेळाडूला दोष देणाऱ्यास तेव्हा दिसते की, त्या जागी बसून इतरांनीही हेच केले असते. दोष माणसापेक्षा व्यवस्थेतील विलंबाचा आणि अपुऱ्या माहितीचा होता. हाताखालच्या माणसास शिक्षा करावी की कामाची मांडणी बदलावी, हा प्रश्न ज्याच्यापुढे कचेरीत नित्य येतो, त्याला हा अनुभव व्याख्यानातून मिळणे दुष्कर आहे.

म्हणून चर्चेस खेळाच्या बरोबरीने वेळ राखून ठेवावा लागतो. प्रत्यक्षात वेळापत्रक आखडले की प्रथम कात्री लागते ती चर्चेलाच, आणि घाऊक व्यापाऱ्याच्या जागी बसलेला सहकारी मूर्ख होता, एवढाच निष्कर्ष घेऊन मंडळी घरी जातात.