भारीतली गादी आणि बसून राहिलेला माणूस

मणक्याला दुखापत होऊन व्हीलचेअरवर आलेल्या माणसाच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: “चांगली हवेची गादी आणलीय, आता बेडसोरची काळजी नाही.” अहो, आहे! गादी दाब वाटून देते, नाहीसा करत नाही. बसल्यावर बरंचसं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं. हाड आणि गादी यांच्यात मांस दबून राहिलं की तिथला रक्तपुरवठा तुटतो. इतरांना अवघडतं, ते नकळत बूड हलवतात. संवेदना गेलेल्याला अवघडल्याचं कळतच नाही.

त्यात हवा भरायची ती टम्म! मग माणूस गादीत रुतत नाही, वर टेकून राहतो आणि दाब पुन्हा हाडांखालीच येतो. हवा कमी पडली तर हाड थेट तळाला लागतं. तपासायला यंत्र नको. माणूस बसलेला असताना त्याच्या बुडाखाली हात सरकवा आणि सर्वांत खालचं हाड चाचपा. त्या हाडाखाली तळापर्यंत अर्धा ते एक इंच हवा हवी. हे रोज बघायचं. घाट चढून महाबळेश्वरला गेलात तर तिथेही, कारण उंचीवर गादीतली हवा प्रसरण पावते.

हवा बरोबर असली तरी भार हलवणं चुकत नाही. हातांवर जोर देऊन पंधरा सेकंद उचललं की झालं, हाही भ्रमच. ‘स्पायनल कॉर्ड’ नियतकालिकात २००३ साली आलेल्या कॉग्रेव्ह आणि रोझ यांच्या अभ्यासात ऊतींतला प्राणवायू पूर्ववत व्हायला सरासरी १ मिनिट ५१ सेकंद लागले. तेवढा वेळ कोणाचे खांदे टिकणार? त्यापेक्षा ब्रेक लावून, तोल सांभाळत पुढे वाका किंवा आळीपाळीने बाजूंना झुका. ज्यांना तेही जमत नाही, त्यांच्यासाठी मागे कलणारी खुर्ची असते. पण ती जेमतेम कलवून उपयोग नाही, निदान ३० अंश तरी हवेत.

ट्यूब किंवा रिंगवर बसवणं? नको; कडेला दाब वाढतो. प्रेशर मॅपिंगचा रंगीत नकाशा फक्त त्वचा आणि गादी यांच्यामधला दाब दाखवतो, हाडालगतचा नाही. आठवण देणारं ॲप आठवणच देतं, झुकायचं तुम्हालाच.

लाल झालेली जागा चोळू नका. सावळ्या त्वचेवर लाली दिसेलच असं नाही, म्हणून ऊब आणि कडकपणा हाताने पाहा. खूण अर्ध्या तासात गेली नाही तर त्या जागेवर बसणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.