टोक नसलेला निरोप

शेवगावात सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेला माणूस एकच आकडा घेऊन घरी जातो : साखर किती. पण नळीतल्या त्या रक्तात आणखी पुष्कळ काही लिहिलेलं असतं.

रक्तात अतिसूक्ष्म पुड्या तरंगत असतात. त्यांचं नाव एक्झोसोम, आकार 30 ते 150 नॅनोमीटर. चरबीच्या, यकृताच्या, स्नायूंच्या पेशी त्या बाहेर सोडतात. 1980च्या दशकात मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशींत त्या दिसल्या, तेव्हा तो पेशीचा केरकचरा वाटला होता. 2007 साली त्यांत आरएनए सापडला आणि कचऱ्याच्या पुड्या निरोपाच्या ठरल्या.

आरएनए हा पेशीतल्या सूचना वाहणारा धागा. विकरं त्याला टोकाकडून कुरतडतात. कासऱ्याच्या टोकाला गाठ नसली की पीळ तिथूनच सुटत जातो, तसंच हे. वर्तुळाकार आरएनएची दोन्ही टोकं मात्र एकमेकांना जोडलेली असतात. कुरतडायला टोकच नाही, म्हणून तो जास्त टिकतो. तो या पुड्यांतही असतो. सीडीआर1एएस हे असंच एक वर्तुळ. मिर-7 नावाच्या चिमुकल्या आरएनएला अडकवायला त्यावर 70हून अधिक जागा आहेत. मिर-7 इन्सुलिनला लगाम घालतो. उंदरांच्या स्वादुपिंडातल्या पेशींत हे वर्तुळ वाढवलं, तेव्हा इन्सुलिन जास्त स्रवलं.

2017च्या एका प्रयोगात लठ्ठ उंदरांच्या चरबीतल्या पेशींच्या पुड्या सडपातळ उंदरांना दिल्या. तेही इन्सुलिनला दाद देईनात. म्हणजे अंग बारीक असलं, तरी बिघाडाचा निरोप आत पोहोचू शकतो.

महाराष्ट्राला हे फार जवळचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. इथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. तरीही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. हडकुळं, तरी मेदाळ.

म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्या काटक माणसाला ‘तुला कसली साखर?’ म्हणणं धोक्याचं. उद्या पुड्यांतली ही वर्तुळं वाचून मधुमेहाची चाहूल आधीच लागू शकेल. पण ती वाचायला शिकताना आपल्या गावांतलं रक्तही तपासायला हवं. ती चाचणी येईपर्यंत उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज) तपासून घ्या, अंगकाठी कशीही असो.