पहिलं सिझर, मग दुसरं?

शेळगावात पहिलं बाळंतपण सिझरने झालेल्या सुनेला दिवस गेले की घरात ठरूनच जातं: आता पुन्हा सिझरच. हा समज जुना आहे. 1916 साली अमेरिकेतल्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांनी तसं लिहिलं, पण तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत. आता बहुतेक वेळा खालच्या भागात आडवा छेद घेतात. तो कळा बऱ्यापैकी सोसतो, म्हणून योग्य निवड केलेल्या शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींची पुढची प्रसूती नॉर्मल होते. आधी एखादं नॉर्मल बाळंतपण झालं असेल तर शक्यता आणखी वाढते.

धोका आहेच. साधारण दोनशेत एकीचा जुना व्रण कळांमध्ये उसवतो आणि मग आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. म्हणून नॉर्मल प्रसूतीचा प्रयत्न घरी किंवा लहान दवाखान्यात करू नये. तातडीचं ऑपरेशन, भूलतज्ज्ञ आणि रक्त जिथे हाताशी असेल, तिथेच करावा. शेळगावकरांना त्यासाठी बारामती किंवा इंदापूर गाठावं लागतं. उलट, दर सिझरगणिक वार व्रणाला चिकटण्याची भीती वाढते, हे मात्र घरात कुणी बोलत नाही.

पोटावरचा व्रण पाहून आतला छेद उभा की आडवा हे कळत नाही; त्यासाठी डिस्चार्ज कार्ड पाहावं लागतं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर हे कार्ड तिथेच कपाटात पडलेलं असतं. ते आधी मागवून घ्या, आणि दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर ठेवा.